धांदलराव आणि प्लास्टरचं अंडं

या, जरा जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे या. ही गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे, कारण तिच्यात एक अंडं आहे आणि मोठ्या आवाजाने त्याला धोका आहे. तो कसा, ते ओघाने कळेलच.

गोष्ट आहे एका बापाची. दिसायला म्हणाल तर डोक्यावर टक्कल, पाठीला पोक, मान लांब आणि चाल अशी की स्वतःच्याच पायात पाय अडकावा. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याच्याकडे बघून हसू नका, कारण आपल्या बापाला पंखही होते. तो गिधाड होता.

आता गिधाड म्हटल्याबरोबर नाक मुरडलंत ना? मुरडा. सगळं जग मुरडतं. पण भगवंताने ही सृष्टी मांडली तेव्हा मोराला पिसारा दिला, कोकिळेला गळा दिला, आणि शेवटी विचारलं, "झाडलोट कोण करणार?" सगळे पक्षी एकदम आभाळाकडे बघायला लागले. गिधाड तेवढं पुढे आलं. मेलेलं जनावर खाऊन रान स्वच्छ ठेवायचं काम त्याने पत्करलं, आणि त्या बदल्यात मिळाली आपली शिवी. मग माणसांनी गुरांना एक औषध द्यायला सुरुवात केली. गुरांना त्याने बरं वाटे, पण औषध पोटात असताना जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की गिधाडं माना टाकत. बघता बघता आभाळ रिकामं झालं. ते औषध मागाहून बंद केलं, पण आभाळात परत सोडायला गिधाडं आणायची कुठून?

ती यायची आमच्या गिधाडकाकांच्या हातून.

काका एका प्राणिसंग्रहालयात नोकरीला होते. काळे केस घेऊन लागले आणि पांढरे झाले तरी तिथेच होते. पूर्वी तिथे एवढाच कारभार होता, की प्राणी पिंजऱ्यात, लोक बाहेर आणि मधे शेंगदाण्यांचा मारा. आता तसं राहिलं नव्हतं. पुढच्या अंगाला वाघ-हत्ती होते, पण खरं काम चाले ते मागे, खाद्याच्या कोठारापलीकडे, जिथे तिकीट काढूनही कोणाला जाता येत नसे. तिथे जाळीचं उंच दालन होतं. आत भिंतीला लागून एक फळी आणि फळीवर काटक्यांचं घरटं. रानातून नाहीसे होत चाललेले जीव इथे वाढवायचे आणि परत रानात सोडायचे. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणत, "काका, आपला पिंजरा रिकामा झाला तर आपण पास." काका म्हणत, "जगातली ही एकच परीक्षा बाई, जिच्यात पास झालं की घर ओस पडतं."

गल्लीतली पोरं त्यांना गिधाडकाका म्हणत, आणि काका ते नाव एखाद्या पदवीसारखं मिरवत.

त्या दालनात एक जोडपं होतं. मादीला काका 'बाईसाहेब' म्हणत, कारण ती मांसाचा तुकडादेखील उपकार केल्यासारखा घ्यायची. नराचं नाव 'धांदलराव'. हे उतरायला गेले की फांदी चुके, फांदी सापडली की तोल जाई, आणि तोल सावरला की बाईसाहेबांच्या शेपटीवर पाय पडे. तरी दोघांचं एकमेकांवर प्रेम असं, की एकमेकांची मान चोचीने विंचरत दुपार दुपार बसून राहत.

संसारात दुःख एकच होतं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी दोघं आळीपाळीने ते उबवतात. बाईसाहेबांनी लागोपाठ दोन वर्षं अंडं घातलं आणि दोन्ही वर्षं ते धांदलरावांच्या पायाखाली फुटलं. ऐकीव नव्हे, काकांनी दोन्ही वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं.

त्या वर्षी प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी बैठकीत सांगून टाकलं, "या खेपेला पिल्लू झालं नाही तर मादी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयाला पाठवायची. तिकडे एक चांगला नर आहे. वंश टिकवायचा तर भावना बाजूला ठेवाव्या लागतात."

काका घरी आले आणि ताटावरून तसेच उठले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"धांदलरावांचा संसार मोडतोय."

"अगंबाई! गिधाडांच्या काडीमोडाने तुमचं जेवण गेलं?" काकू म्हणाल्या. "मी रुसून माहेरी गेले होते तेव्हा शेजारणीकडे दोन वेळा मागून जेवलात, ते कानावर आलंय माझ्या."

"ते जेवण दुःखातलंच होतं."

"हो, दुःख गिळवत नव्हतं म्हणून कालवण वाढून घेतलंत."

काकू बोलायला अशा, पण मनाने लोण्याहून मऊ. डॉक्टरीणबाईंनी तोड काढली, आणि तिला पुढे काकूंचाही हात लागला. तोड अशी की अंडं घातल्यावर ते हळूच काढून घ्यायचं आणि उबवणीच्या यंत्रात ठेवायचं. घरट्यात त्याच्या जागी तसंच दिसणारं प्लास्टरचं अंडं ठेवायचं, म्हणजे नवरा-बायको मुकाट त्याच्यावर बसून राहतील. यंत्रात पिल्लू कवच टोचायला लागलं की पुन्हा अदलाबदल. मग आई-बापांनीच पिल्लू वाढवायचं, कारण माणसाच्या हाताखाली वाढलेलं पिल्लू रानात जाऊन माणसालाच शोधत बसतं.

प्लास्टरचं अंडं करायचं काम काकांनी अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचा कारखाना सुरू झाला. पहिलं अंडं हलकं झालं, म्हणून पुढच्यात वाळू घातली. दुसरं निमुळतं झालं, ते डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवून घेतलं. तिसरं मात्र असं जमलं, की हातात घेतल्यावर आपोआप आवाज खाली यावा. गिधाडाच्या अंड्यावर असतात तसे फिकट तांबूस ठिपके त्यांनी चहाच्या पाण्याने दिले. काकूंनी ते ओट्यावर पाहिलं आणि जपून उचलून गादीवर ठेवलं. काका आठवडाभर फुशारले होते.

गार अंडं पक्षी ओळखतो, म्हणून खोटं अंडंही अंगाच्या उबेत न्यायचं होतं. त्यासाठी काकूंनी पोटाला बांधायचा लोकरीचा पट्टा विणला, दोन कप्प्यांचा. डाव्या कप्प्यात खोटं न्यायचं, उजव्या कप्प्यात खरं आणायचं. काका सराव म्हणून तो पट्टा बांधून घरभर फिरत. तेव्हा त्यांची लेक बाळंत होऊन, बाळाला घेऊन राहायला आली होती. काकू शेजारणीला सांगत, "आमच्याकडे दोन बाळंतिणी आहेत. एक सुटली, दुसरीचे दिवस भरत आलेत."

अखेर बाईसाहेबांनी अंडं घातलं.

ठरल्या सकाळी खाली ताजं मांस टाकलं. दोघं नवरा-बायको जेवायला उतरले. दालनाच्या मागच्या बाजूला शिडी होती आणि वर घरट्याशी एक लहान दार. काका हातमोजे घालून, पट्टा बांधून चढले. दार उघडलं. अंडं समोर. दोन्ही हातांनी उचललं, पट्ट्यात सरकवलं. तेवढ्यात खाली बाईसाहेबांनी मान वर केली. अन्न टाकून त्या फडाफडा वर आल्या आणि फळीच्या टोकाला उभ्या राहून अशा फुत्कारल्या की काकांच्या गुडघ्यांनी त्यांना विचारल्याशिवाय खाली उतरायचा बेत केला. काकांनी देवाचं नाव घेतलं, डाव्या कप्प्यात हात घातला, अंडं काढलं, घरट्यात ठेवलं, दार लावलं आणि शिडीच्या पायऱ्या न मोजता खाली आले.

यंत्राच्या खोलीत डॉक्टरीणबाई वाटच बघत होत्या. त्यांना त्याच दिवशी प्रशिक्षणवर्गासाठी परगावी जायचं होतं. त्यांनी अंडं अलगद तोललं आणि यंत्रात ठेवलं.

"सुरुवातीचे दिवस नाजूक असतात, काका. दिवा लावून आत बघायची घाई करू नका, मी आल्यावर बघू. तुम्ही फक्त वेळच्या वेळी फिरवत राहा."

"माझ्या नातवासारखं सांभाळतो, बाई."

आणि सांभाळलं हो! काका वेळच्या वेळी अंडं फिरवत, यंत्रातलं पाणी बघत. सकाळी आल्याबरोबर यंत्रापुढे हात जोडत. दाराशी कोणी मोठ्याने बोललं तर "शू!" करत. एकदा साहेबांना बोलावून त्यांनी काचेतून दर्शनही घडवलं. साहेबांनी टोपी काढली.

आणि तिकडे घरट्यावर धांदलराव बसत, त्यांची मात्र काका चेष्टा करत. खाद्याच्या खोलीच्या खिडकीतून फळी लांबवर दिसे. काका तिथून दुर्बीण लावत आणि म्हणत, "बसा, राव, बसा! काय ती तन्मयता! खऱ्यावर उभे राहता आणि दगडावर बसता." शिडीकडे ते फिरकतही नव्हते. प्लास्टरला काय जाऊन बघायचं?

घरीही एक धांदलराव येत. ते म्हणजे जावई. उंच, सडपातळ, नुसते कोपर आणि गुडघे. धंदा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलायचा तो माणूस, संध्याकाळी दुकान बंद करून सासरी आला आणि बाळाला हात लावला रे लावला, की काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "मान! मान सांभाळा!" तो दचके, बाळ हिसकलं जाई, दूध सांडे, काकू धावत येऊन बाळ काढून घेत. मग काका काकूंना म्हणत, "आमच्याकडे एक आहेत तसे. जातच निराळी असते काहींची." जावई बिचारा हाताची घडी घालून, दुसऱ्याच्या घरातल्या घड्याळासारखा भिंतीशी उभा राही.

असे दिवस गेले आणि डॉक्टरीणबाई परत आल्या. हात धुऊन त्यांनी अंडं यंत्रातून काढलं, तोललं आणि कपाळाला आठी घातली.

"काका, वजन कमी झालेलं नाही."

"होईल कसं? काळजी कोणी घेतलीय!"

"नाही, काका, व्हायला हवं. आत पिल्लू वाढतं तसं कवचातून पाणी उडून जातं. अंडं रोज थोडं हलकं होतं. हे जसंच्या तसं आहे."

"खात्यापित्या घरचं असेल."

डॉक्टरीणबाईंनी खोलीतला दिवा मालवला आणि अंड्याखाली तपासायचा दिवा धरला. जिवंत अंडं अशा उजेडात लालसर दिसतं, आत शिरांची जाळी दिसते. हे काळंठिक्कर.

"काही दिसत नाही."

"झोपलं असेल."

बाईंनी चमच्याने हळूच टकटक केली. आवाज आला, पण तो अंड्याचा नव्हता. एखाद्या भिंतीने 'कोण आहे?' म्हणून विचारावं तसा होता. मग त्यांनी नखाने कवच जरा खरवडलं, आणि नखाखाली पांढरी भुकटी जमली.

यंत्र तेवढं गुणगुणत होतं.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे तुमचं आहे."

काकांनी अंडं हातात घेतलं. ठिपके ओळखले. त्या क्षणी त्यांच्या मनात दोन विचार आले, आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार 'काय हुबेहूब जमलंय!' असाच होता. दुसरा विचार तोंडातूनच बाहेर पडला.

"मग खरं कुठंय?"

दोघांनी एकदम खिडकीकडे पाहिलं. लांब फळीवर, घरट्यात, डोळे अर्धे मिटून धांदलराव बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण लावली. "अजून बसलाय म्हणजे फुटलेलं नाही. उद्या सकाळी जेवायला उतरले की लगेच काढून आणू. आजवर वाचलं ते नशीब. आणखी एक दिवसही त्याच्यावर भरवसा नको."

काका मान हलवून घरी गेले. घरी गेल्यावर पट्टा समोर धरला आणि काकूंना विचारलं, "अदलाबदलीच्या आदल्या दिवशी तू हा धुतलास ना? मग खोटं अंडं कुठल्या कप्प्यात ठेवलंस?"

"उजव्या. डावा दमट होता, म्हटलं आपल्या अंड्याला सर्दी नको."

काकांनी डोळे मिटले. उजवा कप्पा भरलेला होता, म्हणून खरं अंडं घाईत डाव्यात सरकलं, आणि सवयीने हात गेला तोही डाव्यातच. त्यांनी खरं उचललं, पोटाशी क्षणभर धरलं आणि होतं तिथे परत ठेवून आले.

काकूंच्या सगळं ध्यानात आलं तशी त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे इतके दिवस तुम्ही रोज सकाळी हात जोडत होता ते…"

"हसू नकोस."

"हसत नाहीये." पण खांदे हलत होते. "साहेबांनीसुद्धा टोपी काढली हो!"

हसा, तुम्हीही हसा. पण माणसाने मनापासून जोडलेले हात वाया जात नाहीत. चुकीच्या पत्त्यावर टाकलेली भक्तीसुद्धा देव बरोबर घरी पोचवतो. कशी, तेच आता ऐकायचं आहे.

तेवढ्यात जावई आले. लेक म्हणाली, "बाळाला घ्या ना जरा." जावयांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, वाकून बाळाच्या मानेखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा घातला, आणि बाळ असं उचललं की त्याची झोपही मोडली नाही. काका समोरच बसले होते. आज चिंतेत असल्यामुळे गप्प होते, म्हणून त्यांना दिसलं. हात किती सावकाश चालत होते! भिंग लावून स्प्रिंग उचलावी तसे.

आणि स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "मान! मान सांभाळा!"

जावई दचकले. कोपर खुर्चीला लागलं, खुर्ची पाण्याच्या भांड्याला लागली, भांडं खाली, बाळ रडायला लागलं. काकू धावल्या. "बघा! बघितलंत? रोजचं आहे!"

"थांब," काका म्हणाले. त्यांचा आवाज असा निघाला की काकू खरंच थांबल्या. "जावईबापू, कशाने दचकलात?"

जावई सासऱ्यांकडे, मग सासूबाईंकडे, मग भांड्याकडे बघायला लागले. "आईंच्या… म्हणजे, आवाजाने. कोणी नसलं की काही होत नाही."

"कोणी नसतं कधी?"

लेक खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही दोघं बाजारात जाता तेव्हा. बाळाला आंघोळ हेच घालतात."

"आंघोळ?" काकूंनी खुर्ची धरली. "साबण लावून?"

"साबण लावून," जावई म्हणाले. गुन्हा कबूल करावा तसे.

काकूंना बोलायला शब्द सापडेना, हे त्या घरात प्रथमच घडत होतं. पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते कुठेतरी लांब बघत होते. शिडीकडे, लहान दाराकडे. मागच्या दोन्ही वर्षी काळजीपोटी ते रोज तिथे चढायचे. धांदलरावांची उबवायची वेळ आली की दार किलकिलं करून डोकं आत घालायचे, आणि तोंडाने म्हणायचे, "जपून, राव, जपून!"

सकाळी डॉक्टरीणबाई उबदार पेटी घेऊन दालनाशी आल्या, तर काका शिडीच्या पायथ्याशी दोन्ही हात पसरून उभे.

"काका, बाजूला व्हा. उतरलेत दोघं."

"नाही व्हायचो. बाई, अंडं तिथेच राहू द्या."

"फुटलं तर? साहेब काय म्हणालेत ठाऊक आहे ना? बाईसाहेब जातील दुसरीकडे."

"ठाऊक आहे. त्या विचाराने माझं जेवण गेलंय." काका शिडीपुढून हलले नाहीत. "दोनदा फुटलं ते मी डोळ्यांनी बघितलं, असं तुम्हाला सांगितलं होतं ना? तेच चुकलं. बघितलं, म्हणजे दोन्ही वेळा मी तिथे होतो. डोकं आत घालून 'जपून' म्हणत होतो. बाई, मी नसताना फुटलेलं एकही अंडं नाही. या खेपेला प्लास्टर आहे म्हणून आपण कोणी फिरकलो नाही. तेव्हापासून तो खऱ्यावर बसलाय, आणि अंडं धड आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेटी खाली ठेवली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"रोज जाऊन बघा, असं तुम्हाला सांगितलं कोणी होतं?" त्यांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? मायेपोटी…"

"मीच सांगितलं होतं, काका. 'लक्ष ठेवा, रोज बघा' म्हणून." त्या कसनुशा हसल्या. "म्हणजे तुम्ही मायेने फोडलं, मी शास्त्राने, आणि नाव झालं त्याचं."

"मग उठा," काका म्हणाले. "तुम्ही बसल्यात ती शिडीच आधी इथून हलवू या."

शिडी त्यांनी हत्तीच्या बाजूला नेऊन ठेवली. इतकी लांब, की मोह झालाच तर आणायला जाईपर्यंत माणसाला सुबुद्धी सुचावी. मांस भिंतीपलीकडून नळकांड्यातून आत सरकवायचं ठरलं. गाडा कुरकुरतो म्हणून त्याच्या चाकांना तेल घातलं. आणि काका खाद्याच्या खोलीच्या खिडकीशी दुर्बीण घेऊन बसले. तेवढी मुभा बाईंनी दिली होती.

काय अवघड असतं हो नुसतं बसणं! काळजी करणाऱ्याला हात बांधून ठेवण्यासारखी दुसरी तपश्चर्या नाही. एकदा दुपारी धांदलरावांची बसायची वेळ झाली. ते आले तेच फळीचा काठ चुकवून. सावरले, एका काटकीत पाय अडकला, तो सोडवताना पंख बाईसाहेबांच्या तोंडावर बसला. काकांनी खिडकीची चौकट गच्च धरली. ओठांवर 'जपून' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

बाईसाहेब उठल्या. अंडं उघडं पडलं. आणि काकांनी दुर्बिणीतून पाहिलं, ते इतकी वर्षं शिडीवर चढून त्यांना कधी दिसलं नव्हतं. धांदलराव थांबले. मान खाली घातली. मग त्यांनी पायाची बोटं आवळून घेतली, नख्या आत, जशी आपण मूठ मिटतो तशी. मिटलेल्या मुठींवर, एकेक पाऊल टाकत, डुलत ते अंड्याजवळ गेले. पोटाची पिसं फुलवली. आणि असे खाली बसले, जसं देवघरात कोणी निरांजन ठेवावं.

काकांच्या दुर्बिणीच्या काचांवर वाफ धरली. दोष काचांचा नव्हता.

पुढे काय झालं ते जवळून कोणी बघितलंच नाही, आणि म्हणूनच ते झालं. एका दुपारी धांदलराव घरट्यात नेहमीसारखे बसेनात. उठत, वाकत, पोटाखाली बघत, पुन्हा बसत. मग खाली येऊन त्यांनी मांस खाल्लं, वर जाऊन मान वाकवली आणि चोचीच्या टोकातून काहीतरी इतकुसं, इतकुसं खाली देऊ लागले. काकांनी डॉक्टरीणबाईंना हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज काढायची सवय मोडली होती. ते नुसतेच हातवारे करत पळत गेले. बाईंना वाटलं आग लागली.

साहेब पिल्लू बघायला आले, दुर्बिणीतूनच. धांदलरावांच्या पोटाखालून राखाडी लव असलेलं, मान न पेलणारं डोकं बाहेर आलं, तेव्हा साहेबांनी पुन्हा टोपी काढली. या वेळी योग्य ठिकाणी.

"छान! जोडी आता मोडायची नाही," ते म्हणाले. "आणि काय हो, यंत्रातल्या त्या दुसऱ्या अंड्याचं काय झालं?"

काका डॉक्टरीणबाईंकडे बघायला लागले. बाई छताकडे.

"तेही ठणठणीत आहे, साहेब," काका म्हणाले.

ठणठणीतच होतं. बाईंच्या टेबलावर, आपल्या निमुळत्या भावाशेजारी, कागद दाबून बसलं होतं.

त्या संध्याकाळी जावई आले, तर काकूंनी चपला घातल्या आणि काकांना म्हणाल्या, "चला, जरा चालून येऊ."

"आत्ता? बाळ जागं आहे."

"म्हणूनच चला. घरात राहिले तर तोंड उघडेल माझं."

दोघं बाहेर पडले. काकू चार पावलं चालल्या आणि थांबल्या. मागे वळल्या. काकांनी त्यांचा हात धरला.

"शिडी हत्तीकडे आहे," काका म्हणाले.

"काय?"

"काही नाही. चल."

पुढे त्या पिल्लाला पंख फुटले. ते थोरलं झाल्यावर डोंगराच्या पायथ्याशी नेलं, तिथे इतर पिल्लांबरोबर मोकळ्या हवेची सवय करवली, आणि एका सकाळी जाळीचं दार उघडलं. काका तिथे होते. पिल्लू उंबऱ्यावर आलं, दगडाला अडखळलं, तोंडावर आपटता आपटता वाचलं. बापाचंच पोर, यात कोणाला शंका राहिली नाही. मग त्याने पंख पसरले, खालून वारा आला, आणि त्याच्या अंगातली सगळी धांदल जमिनीवर राहिली.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. कधी मान वर केलीत आणि उंच आभाळात, पंख न हलवता, निवांत गोल फिरणारा एखादा ठिपका दिसला, तर त्याच्यासाठी हात जरूर जोडा. पण त्याच्या बापालाही आठवा. तो अजून जाळीच्या आत आहे, फांदी चुकवत असेल, बायकोच्या शेपटीवर पाय देत असेल. आणि त्या आधी, आज घरी गेल्यावर कोणी नवा बाप बाळाला उचलताना दिसला, तर स्वयंपाकघराच्या दारातून काही म्हणू नका. धांदलरावांच्या मिटलेल्या मुठी आठवा, आणि हळूच पुढे निघून जा.